दीड इंचाचे दार

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
४ मे

चि. चिऊस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, पुण्यातल्या गॅलरीत तू टांगलेल्या लाकडी घरट्याचा फोटो गेल्या आठवड्यात मिळाला आणि चिमणीसाठी भोक केवढे ठेवावे, हा तुझा प्रश्नही मिळाला. त्याच दिवशी आईने तुला फोनवर सांगून टाकले की तुझा बाबा इथे चिमण्यांची घरटी उपसून कचऱ्यात टाकतो. तू विचारलेस, "खरंच?" आणि मी "इथली गोष्ट वेगळी आहे" एवढेच म्हणालो. त्यावर तू गप्प बसलीस. तुझे ते गप्प बसणे मला तू चार वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी तुझ्या प्रश्नाचे उत्तर. चिमणीला ३२ मिलिमीटरचे भोक पुरते. त्यापेक्षा मोठे करू नकोस, म्हणजे साळुंकी आत शिरणार नाही. पेटी दुपारच्या उन्हात नको आणि छताच्या पंख्याजवळ तर मुळीच नको. वाईच्या घरी तसबिरींच्या मागे चिमण्यांची घरटी असत आणि पिल्ले उडायला लागण्याच्या दिवसांत तुझी आजी, बाहेर एप्रिलचे ऊन मी म्हणत असताना, माजघरातला पंखा बंद ठेवायला लावत असे. आम्ही घामाने निथळत जेवायचो आणि वरून भाताच्या ताटात काड्या पडायच्या. त्या घरात वाढलेला माणूस आज चिमणीचे घरटे कसे मोडतो, हे तुला कळायला हवे.

ब्लूबर्ड या इथल्या निळ्या पक्ष्यासाठी केलेली आपली पहिली पेटी तुला आठवत असेल. तू आठवीत होतीस. सीडरची फळी आणून आपण ती गॅरेजमध्ये कापली होती आणि भोकाखाली पक्ष्याला बसायला दांडी हवीच म्हणून तू हट्ट धरला होतास. मी दांडी लावू दिली नाही, तेव्हा तू मला खडूस ठरवलेस. ब्लूबर्डला दांडी लागत नाही. तो खडबडीत फळीला नखे रोवून थेट आत जातो. दांडीचा उपयोग होतो तो बाहेर बसून दादागिरी करणाऱ्यांना. पेटीचा तळ आतून जेमतेम पाच इंच लांब-रुंद, उंची जमिनीपासून पाच फूट, आणि भोक बरोबर दीड इंच. या दीड इंचावर सगळे महाभारत आहे.

ब्लूबर्ड हा कस्तूर आणि इथला रॉबिन यांच्या कुळातला पक्षी. तो ढोलीत अंडी घालतो. पण ढोली कोरण्याची चोच त्याला नाही. सुतार पक्ष्याने कोरून सोडून दिलेली किंवा कुजलेल्या लाकडात आपोआप पडलेली पोकळीच त्याला शोधावी लागते. माणसांनी वाळकी झाडे तोडली, कुंपणाचे लाकडी खांब काढून लोखंडी रोवले, आणि उरलेल्या ढोलींसाठी दोन परदेशी पक्षी भांडायला उभे राहिले. त्यांतली एक आपली चिमणी. १८५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये ती मुद्दाम युरोपातून आणून सोडली गेली, झाडांवरच्या अळ्या खाईल या आशेने. पुढे घोड्यांच्या दाण्यावर आणि शेतांतल्या धान्यावर ती देशभर पसरली. दुसरा स्टारलिंग, आपल्या साळुंकीचा सख्खा नातलग. त्याला १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडले गेले. बाहेरून येऊन इथे जम बसवलेल्यांविषयी मी फार बोलू नये हे खरे, कारण मीही दोन बॅगा घेऊन बाहेरूनच आलो. पण निदान कुणाच्या घरात शिरून मी भांडण काढलेले नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्लूबर्ड इतके विरळ झाले की पुष्कळांना ते फक्त चित्रांतच दिसत. ते परत आले ते अशा पेट्यांमुळे. इलिनॉयमधल्या क्विन्सी गावी टी. ई. मसलमन यांनी १९३०च्या दशकात रस्त्याकडेच्या कुंपणांवर ओळीने पेट्या लावायला सुरुवात केली. मेरीलँडमध्ये लॉरेन्स झेलेनी नावाचे, शेतकी खात्यातून निवृत्त झालेले रसायनशास्त्रज्ञ म्हातारपणी हेच काम घेऊन बसले आणि १९७८ मध्ये त्यांनी नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी स्थापन केली. निवृत्तीनंतर काय करायचे, या आईच्या प्रश्नाला मी त्यांचेच उदाहरण देतो. तिला ते पटत नाही.

आता दीड इंचाचे गणित. एवढ्या भोकातून स्टारलिंग आत जाऊ शकत नाही, ब्लूबर्ड अंग चोरून जातो. स्टारलिंगचा प्रश्न त्यामुळे मिटला. पण चिमणी ब्लूबर्डपेक्षा लहान. ब्लूबर्ड जाईल आणि चिमणी जाणार नाही, असे भोक पाडता येत नाही. म्हणजे ब्लूबर्डसाठी पेटी लावणे म्हणजे चिमणीसाठीही पेटी लावणे, आणि मग दारात कोणीतरी पहारा देणे आले.

गेल्या वर्षी मी हा पहारा दिला नाही. तुला हे कधी सांगितले नव्हते. रस्त्याकडच्या पेटीत मार्चमध्ये चिमण्यांनी गवत, पिसे, प्लास्टिकचा तुकडा, कुणाच्या तरी वाढदिवसाची रिबिन असे सगळे कोंबून घरटे केले. मी पाहिले आणि राहू दिले. मनात म्हटले, तीन पेट्या आहेत, दोघांनाही जागा आहे. शिवाय सकाळी चहा घेताना ती चिवचिव ऐकून वाईच्या ओसरीवर बसल्यासारखे वाटायचे. मागच्या पेटीत ब्लूबर्डची मादी पाच अंड्यांवर बसली होती. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली शनिवारची सकाळ. त्या पेटीच्या छपरावर चिमणीचा नर बसलेला, गळ्याखाली काळा डाग असलेला, छाती फुगवून सारखा ओरडत होता. मी नेहमीप्रमाणे पेटीवर टकटक केले. मादी एरवी लगेच बाहेर उडते. कोणी उडाले नाही. स्क्रू काढून बाजूची फळी उघडली तर वर ताजे, खरबरीत गवत होते, कुणीतरी घाईने पसरल्यासारखे. ते बोटाने बाजूला केले तेव्हा खाली ती होती. पंख अर्धवट पसरलेले, डोक्यावरची पिसे उपटलेली, कवटी टोचून फोडलेली. ती अंड्यांवरून हलली नव्हती. त्या भोकातून ती बाहेर पडू शकली असती, पण दारात तो होता. तिच्या अंगावरच त्याने आपल्या घरट्याची पहिली काडी ठेवली होती.

मी तिला डॉगवूडच्या झाडाखाली पुरले. ब्लूबर्डचा नर दोन दिवस तारेवर बसून हाक मारत राहिला, मग दिसेनासा झाला. आईला मी एवढेच सांगितले की अंडी वाया गेली.

चिमणीला मी दोष देत नाही. ढोलीसाठी भांडणे हा तिचा स्वभाव आहे आणि तिला इथे तिने स्वतः आणलेले नाही. पेटी मी लावली होती आणि शेजारच्या पेटीत तिला मीच राहू दिले होते. त्या दिवसापासून माझा नियम असा की माझ्या अंगणातल्या पेटीत काय घडते त्याचा जाब मला द्यायचा आहे. इथल्या कायद्याचेही तसेच आहे. ब्लूबर्डच्या अंड्याला हात लावण्याची मुभा नाही, कारण १९१८च्या स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्याने इथल्या मूळच्या पक्ष्यांना, त्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांना संरक्षण दिलेले आहे. चिमणी आणि स्टारलिंग त्या यादीत नाहीत. पेट्या सांभाळणारे इथले जुने लोक तर चिमणा सापळ्यात पकडून मारावा असे सरळ सांगतात, कारण घरटे मोडले तरी नर जागा सोडत नाही आणि चिडून शेजारच्या पेटीवर जातो. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मला म्हणवत नाही. पण माझ्याने ते होत नाही. काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे मेणाचे हे ज्या हातांवर टाळ्या देत तुला शिकवले, त्या हातांनी तिची मान मुरगळणे मला जमणार नाही. हा माझा कच्चेपणा आहे असे ते लोक म्हणतात; असेल.

म्हणून या वर्षी मी दुसऱ्या मार्गाने गेलो. २० मार्चला, म्हणजे तिकडे तुम्ही चिमणी दिवस साजरा करत होता त्याच दिवशी, चिमण्यांनी मागच्या पेटीत पहिले गवत आणले आणि मी ते काढले. एप्रिल उजाडेपर्यंत आठ वेळा काढले. एकदाही आत अंडे नव्हते, हे मुद्दाम सांगतो. दाणे टाकण्याची थाळी बंद केली, कारण फुटकळ धान्यावरच चिमण्या अंगणात टिकतात. मग ब्लूबर्डची नवी जोडी आली. नर पेटीजवळच्या फांदीवर बसून एकेक पंख उचलून मादीला दाखवत होता. लग्नघरातला हौशी मामा जसा नव्या कोटाची बाही दाखवतो तसा. ती आत जाऊन पाहून आली, परत गेली, आणि चार-पाच दिवसांत पाइनच्या वाळक्या सुयांची वाटी विणून झाली. इतकी नेटकी की तळाशी बोट लावले तर गुळगुळीत लागते.

पहिले अंडे ५ एप्रिलला दिसले. रंग कसा सांगू? आजोबांच्या धोतराला नीळ घालून झाल्यावर बादलीत शेवटी जे पाणी उरायचे, तो. रोज सकाळी एक याप्रमाणे ९ तारखेला पाच झाली आणि मगच ती बसली. सगळी पिल्ले एकदम निघावीत म्हणून ब्लूबर्डची मादी शेवटचे अंडे घालीपर्यंत उबवायला बसत नाही. पहिले अंडे दिसताच मी छपरावर चकचकीत पट्ट्यांची एक चौकट बसवली. वाऱ्याने पट्ट्या छपरावर सळसळतात आणि चिमण्या बिचकतात. ब्लूबर्डही बिचकतो, पण आत अंडे असले की तो अर्ध्या तासात भीती गिळून आत जातो. अंड्याच्या आधी ती लावली तर तोही निघून जाईल. खांबाला सापासाठी पत्र्याचे जाड नळकांडेही आहेच. काळा साप इथे झाडासारखा खांबही चढतो.

२२ एप्रिलला पिल्ले निघाली. तेव्हापासून मी दर दोन-तीन दिवसांनी पेटी उघडतो. माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला चिमण्या टोचून मारतात, असे आजी सांगायची आणि मी चाळिशीपर्यंत ते खरे मानत होतो. पक्षी एवढ्यावर पिल्ले टाकत नाहीत. मी पेटी बंद करून दहा पावले मागे आलो की मादी चोचीत सुरवंट घेऊन हजर. बाहेर पडताना ती पिल्लाची विष्ठा पांढऱ्या, ओल्या पिशवीसारखी चोचीत धरून नेते आणि लांब टाकते, त्यामुळे पाच पोरांच्या त्या खोलीला वास येत नाही. तुझ्या होस्टेलच्या खोलीविषयी मी काही बोलत नाही.

आज बारावा दिवस. पाचही जिवंत आहेत. पंखांच्या नळ्या फुटून निळे डोकावू लागले आहे. दोघांचे गडद, ते नर, तिघींचे राखाडी मिसळलेले. गंमत अशी की ब्लूबर्डच्या पिसात निळा रंग नसतोच. पिसाच्या आतल्या रचनेवर प्रकाश विखुरतो म्हणून ते निळे दिसते. सावलीतले पीस मळकट वाटते ते त्यामुळेच. उद्यापासून पेटी उघडायची नाही, कारण आता दचकली तर पिल्ले उडता येण्याआधीच बाहेर उड्या मारतील. दहा तारखेच्या सुमारास ती आपोआप निघतील. मग बाप त्यांना झाडांत घेऊन हिंडेल, भरवेल आणि आई त्याच पेटीत नाहीतर शेजारच्या पेटीत दुसऱ्या वेळची तयारी करेल. मला तोवर जुने घरटे काढून पेटी झाडायची आहे.

स्क्रूड्रायव्हर आज ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. फळी लावत होतो तेव्हा गॅरेजच्या पन्हळीवर तो बसला होता, गळ्याखाली काळा डाग असलेला. गेल्या वर्षीचाच की दुसरा, मला ओळखता येत नाही. आवाज मात्र हुबेहूब वाईच्या वळचणीतला. मी बराच वेळ उभा राहिलो, त्यानेही जागा सोडली नाही.

तुझ्या पेटीत पहिली काडी आली की फोटो पाठव. भोक मोजून घे.

कळावे,
तुझा बाबा