आठवीच्या वर्गासाठी सूक्ष्मदर्शक हवेत, जुनेही चालतील

पालक, माजी विद्यार्थी आणि गावातल्या सर्व हितचिंतकांना सप्रेम नमस्कार.

आपल्या शाळेत आठवीच्या तुकडीत 48 मुले आहेत आणि चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक एकच. 35 मिनिटांच्या तासाला एकेकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. शिक्षकांनी जुळवून ठेवलेले पाहायचे आणि बाजूला व्हायचे, एवढेच होते. दृश्य स्वतःच्या हाताने जुळवल्याशिवाय हे उपकरण कुणालाच येत नाही. चार मुलांमागे एक या हिशेबाने आणखी 11 सूक्ष्मदर्शक हवेत.

ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आता रक्तपेशी यंत्र मोजते, तिथे जुना सूक्ष्मदर्शक कपाटात पडून असेल तर तो जरूर द्या. काचपट्टी ठेवायचा मंच आपोआप खाली घसरत असला तरी चालेल. बहुतेक वेळा नुसते आवळून काम भागते. भिंगे मात्र काढून उजेडात धरून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. ती जुनी असेल तर काच खाते आणि पुसूनही चित्र धूसरच राहते. असा नग सुट्या भागांसाठी घेऊ. 10 पटीचे आयपीस (डोळ्याजवळचे भिंग) आणि 4, 10, 40 पटींची ऑब्जेक्टिव्ह (काचपट्टीजवळची भिंगे) एवढे पुरे. 100 पटीचे नको, कारण त्याला तेल लागते आणि वर्गात ते तेल हमखास शेजारच्या 40 पटीच्या भिंगाला लागते. नवा घेऊन देणार असाल तर दिव्याबरोबर आरसाही असलेला घ्या, म्हणजे वीज गेली तरी तास बुडणार नाही.

काचपट्ट्या आणि त्यांवर झाकायच्या पातळ काचा, म्हणजे कव्हरस्लिपाही बऱ्याच लागतील. 40 पटीचे भिंग काचपट्टीपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर वर असते. तिथे दृश्य जुळवायचा मोठा स्क्रू (तो अंतर भराभर बदलतो) फिरवला की कव्हरस्लिप तडकते आणि भिंगावर चरा पडतो. म्हणून मोठा स्क्रू फक्त 4 पटीवर, पुढे लहानच, हा नियम पहिल्याच दिवशी शिकवतो. तरीही सुरुवातीला फुटतातच.

पहिला प्रयोग कांद्याच्या आतल्या पापुद्र्याचा. पापुद्रा हवेत राहिला की वाळून गुंडाळतो, म्हणून सोलताच पाण्यात टाकायचा आणि ब्रशने काचपट्टीवर सपाट पसरायचा. वर आयोडीनचा एक थेंब. मग कव्हरस्लिपची एक कड टेकवून दुसरी सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची. वरून एकदम ठेवली तर हवेचे बुडबुडे अडकतात. त्यांची जाड काळी कड इतकी ठसठशीत दिसते की मुले बुडबुड्यालाच पेशी समजून वहीत काढतात. जास्तीचे पाणी कडेला टिपकागद लावून ओढून घ्यायचे, नाहीतर कव्हरस्लिप तरंगते आणि सगळे दृश्य सरकत राहते.

आयोडीनचे द्रावण शाळेतच करू: 2 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्या पाण्यात, त्यात 1 ग्रॅम आयोडीन पूर्ण विरघळले की पाणी घालून 300 मिलिलिटर. ते उजेडात टिकत नाही. घरात ड्रॉपर असलेल्या तपकिरी काचेच्या बाटल्या असतील तर धुऊन, वाळवून पाठवा.

याशिवाय हवे आहे:
75 × 25 मिलिमीटरच्या काचपट्ट्या, 50 नगांचे 6 डबे
18 मिलिमीटरच्या चौकोनी कव्हरस्लिपा
लेन्स पुसायचा कागद (रुमालाने चरे पडतात)
सिलिका जेल आणि घट्ट झाकणाचे मोठे डबे, पावसाळ्यात बुरशी टाळण्यासाठी

ज्यांनी प्रयोगशाळा सहायक किंवा लॅब टेक्निशियन म्हणून काम केले आहे, त्यांनी एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर यावे. जुने नग उघडून साफ करायला जाणता हात हवा आहे.

रोख रक्कम आम्ही स्वीकारत नाही. पैसे थेट दुकानदाराला द्यावेत आणि बिल शाळेच्या नावे घ्यावे. प्रत्येक वस्तूची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत) होईल आणि पोच मिळेल. दुसऱ्या सत्रात पेशींचे प्रयोग घ्यायचे आहेत, तेव्हा वस्तू दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शाळेच्या कार्यालयात पोहोचवाव्यात, ही विनंती.

विज्ञान शिक्षक आणि पालक-शिक्षक संघ