ताई, लेकीचा सहावा वाढदिवस घरीच झाला

ताई नमस्कार,

नाव घेऊ नकोस म्हणाला होतात, म्हणून लिहीत नाही, पण वाचलंत की कळेलच.

मी तुरुंगात गेले तेव्हा लेक साडेचार वर्षांची. बाहेर सांभाळायला कोणी नाही म्हणून तिला घेऊनच गेले, थोरला तेवढा माझ्या आईकडे. मूल ६ वर्षांचं होईपर्यंतच आईजवळ राहू शकतं हे आत गेल्यावर कळलं आणि तेव्हापासून मी कोर्टाच्या तारखा सोडून तिच्या वाढदिवसाचे दिवस मोजायला लागले, तिचा फ्रॉक आखूड झाला तरी पोटात गोळा यायचा. आणि ती? संध्याकाळी बंदी झाली, बराकीला कुलूप लागलं की बाहुलीला रांगेत बसवून, आमची करतात तशी गिनती करायची.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा केसबद्दल एक शब्द विचारला नाहीत. हिला दूध मिळतं का, लस राहिलीय का, एवढंच. मग सांगितलंत की सुप्रीम कोर्टाने २००६ सालीच म्हटलंय, आईसोबत आलेलं मूल कैदी नाही, त्याचं खाणं, औषध, शिक्षण हा त्याचा हक्क आहे. तोवर मी हात जोडून मागायचे, त्या दिवसापासून नीट उभी राहून मागायला लागले.

जामीन मंजूर होऊन चार महिने झालेले आणि मी आतच, कारण २५ हजारांचा जामीनदार आणू कुठून, माहेर भाड्याच्या खोलीत, सासरचे फोन उचलत नव्हते. पुरुष आत गेला की बायको मुलाखतीला येते, मनीऑर्डर करते, बाई आत गेली की कितीजणींना कुणीच येत नाही, हे बराकीत डोळ्यांनी बघितलंय. बायकांना कमाई न बघता फुकट वकील मिळतो हेही तुमच्याकडूनच कळलं. तो वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणात तुम्ही किती खेपा घातल्या मला माहीत नाही, पण अट शिथिल करायचा अर्ज झाला आणि कोर्टाने मला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय माझ्या स्वतःच्या हमीवर सोडलं. वाढदिवसाला तीन आठवडे होते ताई, फक्त तीन.

लेक आता पहिलीत आहे. रात्री दार लावलं की अजून विचारते, "आई, कडी आतून आहे ना?" मी हो म्हणते, मग झोपते.

दिवाळीत या. थोरल्याला तुम्हाला सायकल चालवून दाखवायचीय.