अकरा संगणकांची एकच नोंद : सॉफ्टवेअरमधील दोष व वर्गणी परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

महोदय,

अंबड आणि सातपूर एमआयडीसीत आमचे दोन शेड आहेत. तिथल्या ६४ संगणकांची जबाबदारी माझ्याकडे आहे : ४१ विंडोज, १७ उबंटू, ६ मॅक. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. कोणत्या पीसीत टीपीएम २.० (विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा चिप) आहे आणि कोणते बदलावे लागतील हे ठरवायला आम्हाला नेमकी यादी हवी होती, म्हणून संगणकांची यादी आपोआप ठेवणारे आपले सॉफ्टवेअर पाहिले. ‘ओएस कुठलीही असो, एजंट टाकला की मशीन यादीत येणारच,’ असे आपल्या प्रतिनिधीने डेमोत सांगितले; एजंट म्हणजे प्रत्येक संगणकावरून माहिती पाठवणारा छोटा प्रोग्रॅम. त्या भरवशावर आम्ही वर्षाची वर्गणी आगाऊ भरली.

पहिल्याच रिपोर्टमध्ये ५४ मशीन आली.

मालकांनी विचारले, दहा पीसी गेले कुठे? माझ्याकडे उत्तर नव्हते. दिवाळीआधी भंगाराची गाडी गेली होती. ती भरून देणाऱ्या स्टोअरमधल्या मुलावर संशय गेला. दोन दिवस त्याला केबिनमध्ये बोलावून प्रश्न विचारले गेले. तिसऱ्या दिवशी मी रजिस्टर घेऊन दोन्ही शेडमध्ये टेबलाटेबलावर फिरलो. सगळी ६४ मशीन जागच्या जागी होती.

कारणही मलाच शोधावे लागले. आमचे ११ उबंटू पीसी असेंबल केलेले आहेत. त्यांच्या बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) सिरियल नंबरच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओ. ई. एम.’, म्हणजे ‘उत्पादकाने भरावे’, एवढेच लिहिलेले आहे; डीएमआयडीकोड ही कमांड चालवली की दिसते. आपली सिस्टीम त्यालाच नंबर समजते आणि अकराही मशीन एकाच नोंदीत कोंबते. जो पीसी शेवटी रिपोर्ट पाठवतो त्याची माहिती आधीच्यावर चढते. त्यामुळे त्या ओळीत सकाळी ८ जीबी रॅम दिसते, दुपारी १६. उबंटूच्या प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचा मशीन-आयडी असतो, नेटवर्क कार्डाला मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) असतो. यांतले काहीच ताडून पाहिले जात नाही. फुकट मिळणाऱ्या जीएलपीआय या अशाच सॉफ्टवेअरमध्येसुद्धा असे खोटे सिरियल नंबर वगळण्याची सोय आहे. ते आम्ही आधी तपासले होते. अडचणीच्या वेळी फोनवर माणूस हवा, म्हणून आपल्याला निवडले.

फोन उचलला गेला. ‘त्या मशीनचे नंबर हाताने भरा,’ असे सांगण्यात आले. मी भरले. रात्रीच्या स्कॅनने ते पुसले. हाताने भरलेली एक्सेल आमच्याकडे होतीच. ती बंद व्हावी म्हणून तर आम्ही पैसे मोजले. सहा मॅक संगणकांवरच्या सॉफ्टवेअरचा रकानाही अजून रिकामाच आहे.

१५ दिवसांत हे दुरुस्त करावे, नाहीतर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करावी. आणखी एक मागणी आहे, आणि ती मी सोडणार नाही. दहा मशीन कमी दिसली ती आपल्या सॉफ्टवेअरच्या दोषामुळे, असे कंपनीच्या लेटरहेडवर आमच्या मालकांच्या नावे लिहून द्यावे. त्याची एक प्रत मला त्या मुलाच्या हातात द्यायची आहे.

आपला,
सिस्टीम ॲडमिन
अंबड, नाशिक