तक्ता एकच, पण मंत्र्याच्या मुलासाठी वेगळा वाचला जातो: केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री यांस,

महोदया,

सविनय नमस्कार. अमली पदार्थांच्या कायद्याबद्दल गाऱ्हाणे असले की लोक गृहमंत्र्यांना लिहितात. मी आपल्याला लिहितो आहे, कारण १९८५ चा एनडीपीएस कायदा आपल्या महसूल विभागाच्या अखत्यारीत येतो. कोणत्या पदार्थाचे किती ग्रॅम म्हणजे ‘अल्प’ आणि किती म्हणजे ‘व्यावसायिक’, हा तक्ता आपल्याच खात्यातून निघतो. पकडलेला माणूस दंड भरून घरी जाणार की दहा वर्षे आत राहणार, ते या तक्त्यावर ठरते.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने आपल्या विभागाला सुचवले होते की स्वतःपुरता थोडा माल बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठवावे. बातम्या आल्या, हिवाळी अधिवेशनात दुरुस्ती येणार असे सांगितले गेले. व्यसनमुक्तीचे काम करणारे लोक त्याकडे डोळे लावून बसले होते. डिसेंबरमध्ये विधेयक आले, पण ते एका क्रमांकाच्या चुकीपुरते. २०१४ च्या दुरुस्तीत कलम २ मधले एक उपकलम पुढे सरकले आणि कलम २७अ मधला संदर्भ मात्र जुनाच राहिला. त्रिपुरा उच्च न्यायालयाने ते दाखवून दिल्यावर घाईने अध्यादेश निघाला, मग कायदा झाला, तोही १ मे २०१४ पासून पूर्वलक्षी. सरकारने स्वतःची सात वर्षांची चूक एका अधिवेशनात पुसून टाकली. उपचाराबद्दल मात्र त्यात एक शब्द नव्हता.

आता तक्त्याकडे येऊ. गांजा एक किलोपेक्षा कमी असला तर अल्प, वीस किलोच्या वर व्यावसायिक. हेरॉइन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. कोकेन २ आणि १०० ग्रॅम. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २ आणि ५० ग्रॅम. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त एक वर्ष आणि दहा हजारांपर्यंत दंड. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा वर्षे, कमाल वीस, आणि किमान एक लाख दंड. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत. वरवर पाहता यात गरीब-श्रीमंत काही नाही. पण १८ नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेने ठरवले की शुद्ध पदार्थाचे नव्हे, भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचे वजन धरायचे. २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. याचा अर्थ असा की चार ग्रॅम हेरॉइनमध्ये अडीचशे ग्रॅम भुकटी कालवली की आरोपी व्यावसायिक गुन्हेगार होतो आणि तेच चार ग्रॅम शुद्ध असले तर अल्प. माल जितका स्वस्त, तितकी भेसळ जास्त. पुलाखाली ब्राउन शुगर ओढणाऱ्याला आणि त्याची पुडी पोचवणाऱ्याला हे वजन छळते, फार्महाऊसवरच्या पार्टीला नाही.

गांजाचे तर आणखी वाईट आहे. कलम २ प्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर पाने आणि बिया त्यात मोडत नाहीत. प्रत्यक्षात पंचनाम्यात काय होते? गोणी काट्यावर जशीच्या तशी चढते: देठ, पाने, माती, ओल, कधी गोणीसुद्धा. बावीस किलो लिहिले जाते. शेंडे वेगळे करून वजन केले तर ते कदाचित बारा भरेल. हा दहा किलोंचा फरक म्हणजे कलम ३७ लागणे आणि न लागणे. ते लागले की आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही, या दोन्हींची न्यायालयाला खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. खटला उभा राहण्याआधीच निर्दोषत्व दाखवायचे! ओझे वाहणारा हमाल किंवा टेम्पोचा चालक हे कुठून दाखवणार? दहा वर्षे किमान शिक्षेच्या गुन्ह्यात पाच वर्षे आत काढल्यावर जामीन द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितले, तर त्यालाही एक लाखाचा जामीन आणि दोन जामीनदार.

प्रत्येक पायरीवर कायद्यात आरोपीसाठी एक दार आहे. कलम ५० प्रमाणे अंगझडतीआधी त्याला सांगावे लागते की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा तुला हक्क आहे. कलम ५२अ प्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे. २०२२ च्या नियमांप्रमाणे ते दोन प्रतींत, गांजा-चरस-अफूचे २४ ग्रॅम, बाकी बहुतेकांचे ५ ग्रॅम, आणि विनाविलंब प्रयोगशाळेकडे रवाना. ही दारे उघडतात ती पहिल्या रात्री वकील हजर असला तरच. घरात आमदार, खासदार, मंत्री असला की पोलीस ठाण्यात फोन आधी पोचतो आणि वकील त्यामागोमाग. बाकीच्यांना वकील भेटतो तोवर पंचनाम्यावर सह्या झालेल्या असतात, आणि हक्क समजावल्याचे छापील वाक्य त्यात आलेले असते.

राजकारण्याच्या घरातला मुलगा सापडला की नेते म्हणतात, पोर चुकले, ते आजारी आहे, सांभाळून घ्या. ते खरेच बोलतात, आणि कायदाही तेच म्हणतो. कलम ६४अ वाचा: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. हे कलम सगळ्यांसाठी आहे. मग रस्त्यावरून उचललेल्या पोरांना ते कोण सांगते? त्यांना सांगितले जाते की गुन्हा कबूल कर, दंड भर, संध्याकाळपर्यंत सुटशील. ती पोरे कबूल करतात, आणि दोषी ठरल्याची नोंद नोकरीच्या पोलीस पडताळणीत आयुष्यभर आडवी येते.

उपचाराची खाट कुणाला मिळते, हेही महाराष्ट्राने पाहिले. एमडीच्या मोठ्या प्रकरणातला आरोपी पुण्याच्या ससून रुग्णालयात कित्येक महिने दाखल होता. रुग्णालयाच्या दारातच मेफेड्रोन पकडले गेले आणि २ ऑक्टोबर २०२३ ला तो तिथून पळाला. त्याच वेळी कोठडीत व्यसन तुटल्यामुळे उलट्या करणाऱ्या, अंग आखडलेल्या पोराला डॉक्टर दाखवायला हवालदाराची मिनतवारी करावी लागते.

कुणी म्हणेल, मोठ्यांनाही आत जावे लागते. हो. २०२१ मध्ये राज्यातल्या एका तत्कालीन मंत्र्यांचे जावई आठ महिन्यांहून जास्त तुरुंगात होते, आणि प्रयोगशाळेच्या अहवालात बऱ्याच नमुन्यांत गांजाच आढळला नव्हता. त्याच वर्षीच्या क्रूझ प्रकरणात एका अभिनेत्याच्या मुलाजवळ काहीही सापडले नव्हते, तरी जामिनाला पंचवीस दिवस लागले, तोही माजी महान्यायवादी उभे राहिल्यावर. पुढे दोषारोपपत्रात त्याचे नावच आले नाही. हे दोन्ही अन्यायच. पण मंत्री पत्रकार परिषद घेऊ शकले म्हणून राज्याला तो अहवाल कळला. ज्याच्या घरी मंत्री नाही त्याच्या गोणीतला पाला गांजा होता की नव्हता, हे कुणी विचारलेसुद्धा नाही. आणि खोडसाळ झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ५८ मध्ये शिक्षा किती? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड. गेल्या चाळीस वर्षांत आरोपींच्या शिक्षा कितीदा बदलल्या, या हजार रुपयांना मात्र कुणी हात लावलेला नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरावर जवळपास तीन हजार किलो हेरॉइन पकडले गेले. असा माल आणणारे साखळीच्या ज्या टोकाला असतात, तिथवर आपली यंत्रणा क्वचित पोचते. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो या कायद्याखालचे गुन्हे दोन रकान्यांत मांडतो, स्वतःच्या सेवनासाठी आणि तस्करीसाठी. महाराष्ट्रात पहिला रकाना दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. आकडा फुगवायला गर्दुल्ले पकडणे सोपे, म्हणून ते पकडले जातात.

कायदा बदलायला वेळ लागेल हे मान्य. पण काही गोष्टी आपल्या खात्याच्या अधिसूचनेने आणि नियमांनी होऊ शकतात. मिश्रणाऐवजी शुद्ध पदार्थाचे वजन धरावे. गांजाचे शेंडे वेगळे करून, दंडाधिकाऱ्यासमोर, ओल आणि गोणी वजा करून वजन व्हावे. प्रयोगशाळेच्या अहवालाला २०२२ च्या नियमांनी घातलेली पंधरा दिवसांची मुदत काटेकोर पाळली जावी आणि तो आल्याशिवाय दोषारोपपत्र पूर्ण समजू नये. अटकेच्या वेळीच कलम ६४अ ची माहिती आरोपीच्या भाषेत लेखी द्यावी आणि त्याची पोच न्यायालयात जोडावी. सेवनाबद्दलच्या कलम २७ मधली कैद मात्र संसदेतच काढावी लागेल, आणि त्याचे विधेयक आपल्याच खात्याने आणायचे आहे.

सामाजिक न्याय मंत्रालयाच्या त्या शिफारशीचे पुढे काय झाले? ती स्वीकारली असेल तर विधेयक कधी येणार, आणि फेटाळली असेल तर कोणत्या कारणाने, हे आपल्या विभागाने जाहीरपणे लेखी सांगावे.

आपला,
एक नागरिक