स्पितीला डिझेल गाडी नेताय? टाकीतल्या डिझेलचं पण बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हिवाळ्यात स्वतःची गाडी घेऊन स्पिती-लडाखला जाण्यावर मोठा लेख आला होता. फोटो छान होते, थर्मल, हातमोजे, टायरच्या चेन, औषधं सगळं सांगितलं होतं, पण गाडीच्या टाकीत जे डिझेल आहे त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र. मी लष्कराच्या ईएमईमधून (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारा विभाग) रिटायर झालेला मेकॅनिक, लेहला दोन हिवाळे काढलेत, रात्री दर दोन-तीन तासांनी उठून गाड्या स्टार्ट करून ठेवायची ड्युटी केलीय, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आपल्याकडे थंडीत खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि आई ती उन्हात ठेवायची, आठवतंय ना? डिझेलचं अगदी तसंच होतं. डिझेलमध्ये मुळातच मेण असतं, गरमीत ते विरघळलेलं असतं म्हणून दिसत नाही, गारठा वाढला की त्याचे बारीक बारीक कण तयार व्हायला लागतात. आधी डिझेल गढूळ दिसतं, मग ते कण फिल्टरच्या कागदावर बसून फिल्टर चोंदतो, आणि त्याच्याही खाली पारा गेला की डिझेल ओतायला गेलं तरी हलत नाही. लोक समजतात की टाकी पूर्ण गोठली तरच गाडी बंद पडते, पण गाडी त्याच्या कितीतरी आधी, फिल्टर तुंबला की बंद पडते. टाकीत डिझेल अजून डुचमळत असतं आणि इंजिनाला एक थेंब मिळत नाही.

आपल्या देशात साध्या डिझेलचं जे बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, स्टँडर्ड आहे (आयएस १४६०) त्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिवाळा धरलाय आणि या काळात फिल्टर तुंबायचं तापमान जास्तीत जास्त ६ अंश चालतं, बाकीच्या महिन्यांत १८ अंश. प्रत्यक्षात डिझेल यापेक्षा बरं असू शकतं पण हमी एवढीच. आता स्पितीतल्या काझा, ताबोला जानेवारीत रात्री उणे २० सहज होतं, म्हणजे विचार करा. आणि जे लोक मार्चमध्ये गर्दी कमी म्हणून जातात त्यांनी तर जास्तच जपायला पाहिजे, कारण स्टँडर्डच्या हिशोबाने तेव्हा उन्हाळा चालू झालेला असतो आणि वर रात्री पारा शून्याच्या बराच खाली असतो. (महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठलं म्हणून घाबरू नका, पहाटेच्या दोन-तीन तासांत भरलेली टाकी एवढी गार होत नाही.)

मागच्या जानेवारीत माझा पुतण्या आणि त्याचे तीन मित्र साताऱ्याहून डिझेल गाडी घेऊन गेले, शिमला, रामपूर, नाको करत ताबोला पोचले. डिझेल चंदीगडला फुल केलेलं आणि तेच अर्ध्याच्या वर शिल्लक, पोरं खूश की ॲव्हरेज चांगलं मिळालं. सकाळी सात वाजता फोन, "काका, गाडी चालू झाली, दोनशे मीटर गेली आणि झटके देऊन बंद पडली, आता सेल्फ मारतोय पण घेत नाही." मी पहिलं सांगितलं सेल्फ मारणं बंद कर, बॅटरी थंडीत आधीच अर्धी झालेली असते, ती संपली तर दोन दुखणी होतील. चालू कशी झाली तर लाईनमध्ये आणि फिल्टरमध्ये जे थोडं डिझेल होतं त्यावर, ते संपल्यावर टाकीतनं मेण आलं. त्याला फिल्टरच्या खालचा नट ढिला करून थोडं डिझेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढायला लावलं आणि व्हिडिओ कॉलवर दाखव म्हटलं. अर्धवट थिजलेल्या तुपासारखं दिसत होतं, पिवळट, आणि बाटली आडवी केली तर काचेला साय धरावी तसं प्लास्टिकला चिकटून हळूहळू खाली येत होतं.

तेवढ्यात तिथला एकजण मदतीला आला आणि पत्र्याच्या डब्यात लाकडं पेटवून टाकीखाली सरकवायला लागला. मी फोनवर ओरडलोच. माणूस भल्यासाठीच करत होता, डोंगरात जुने ट्रकवाले वर्षानुवर्षं हे करत आलेत, पण त्या ट्रकच्या टाक्या जाड पत्र्याच्या होत्या, आत्ताच्या बऱ्याच गाड्यांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, खाली वायरिंग आणि रबरी पाईप असतात, आणि डिझेल पेट घेत नाही हा गैरसमज आहे, गरम झालं की त्याची वाफ पेटते. कृपा करून टाकीखाली जाळ, स्टोव्ह, ब्लो लॅम्प काहीही लावू नका.

मग काय केलं तर, फिल्टरला जाड फडकं गुंडाळून त्यावर होमस्टेवाल्या ताईंनी दिलेलं गरम पाणी थोडं थोडं ओतलं, गाडी ढकलून उन्हाच्या तोंडाला लावली, बॉनेटवर आणि बाजूने ब्लँकेट टाकून वारा अडवला. साडेअकराला ऊन चांगलं चढलं तेव्हा डिझेल लाईनचा छोटा हँडपंप मारून आतली हवा काढली आणि गाडी चालू झाली. एकदा चालू झाली की इंजिनातनं जे जादा डिझेल परत टाकीत येतं ते गरम असतं, त्यानेच टाकी हळूहळू सावरते, म्हणून लगेच पळवायची नाही, पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवायची.

आता हे सगळं टाळता येतं. मुख्य म्हणजे खालनं भरलेलं डिझेल वरच्या मुक्कामापर्यंत नेऊ नका, ते कमी होत आलं की जसजसे वर जाल तसं तिथल्या पंपावर भरा, आणि भरल्यावर लगेच मुक्काम न करता दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा म्हणजे लाईनमध्ये आणि फिल्टरमध्ये नवं डिझेल येतं, बरेच जण इथेच चुकतात. अँटीजेलची (डिझेलमधलं मेण जमू नये म्हणून टाकायच्या औषधाची) बाटली मिळते ती घ्या, पण ती डिझेल पातळ असतानाच टाकायची असते, आधी बाटली ओतायची आणि वरनं डिझेल भरायचं म्हणजे मिसळतं. मेण एकदा धरल्यावर ही बाटली ओतून काही होत नाही, ती कण मोठे होऊ देत नाही एवढंच तिचं काम. रात्री टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत हवेतलं पाणी धरतं आणि त्याचा बर्फ होऊन फिल्टरमध्ये अडकतो. निघायच्या आधी इथेच फिल्टरमधलं पाणी काढून घ्या, एक नवा फिल्टर जवळ ठेवा. गाडी लावताना सकाळचं पहिलं ऊन बॉनेटवर येईल अशी लावा.

रॉकेल मिसळायचं का, हे मला दहा जणांनी विचारलंय. पूर्वी मिसळायचे, जुन्या इंजिनांना चालून जायचं. आता बीएस-सिक्सच्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, गाडीत अजिबात नको. हे डिझेल आधीच कोरडं असतं, त्यात रॉकेल गेलं की हाय प्रेशर पंपाला आणि इंजेक्टरला जे वंगण मिळतं ते जातं आणि लाखाच्या घरात खर्च येतो. पेट्रोल मिसळणं तर सरळ आगीला आमंत्रण. आणि ज्यांच्या गाडीत धूर साफ करायच्या युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी आहे त्यांनी लक्षात ठेवा, तो उणे ११ ला गोठतो, गाडीत त्याला हीटर असतो, घाबरून त्यात गरम पाणी किंवा काही ओतू नका.

अजून एक, रात्रभर इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका. बर्फाने सायलेन्सर बुजला की तो धूर आत येतो आणि माणूस झोपेतच जातो.

माझी मागणी पंपांबद्दल आहे. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास विंटर ग्रेड डिझेल आणलं, पानिपतच्या रिफायनरीत बनतं, उणे ३३ पर्यंत वाहतं राहतं, खूप चांगलं काम झालं. पण पर्यटकाला पंपावर उभं राहिल्यावर कळत नाही की आपल्या गाडीत साधं पडतंय का विंटरचं. माझा जावई जर्मनीत आहे, तिथं १६ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत पंपावरचं डिझेल उणे २० ला चालायलाच पाहिजे असा नियम आहे, गिऱ्हाईकाला काही विचारावं लागत नाही. आपल्याकडे निदान मनाली, केलाँग, काझा, कारगिल, लेह इथल्या प्रत्येक पंपावर किती अंशापर्यंत डिझेल चालेल ते हिंदी-इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलं पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल टनेल सुरू झाल्यापासून भर हिवाळ्यात मनालीपलीकडच्या लाहौलला जाणाऱ्या गाड्या किती वाढल्यात ते बघता हे लगेच व्हायला हवं. पुण्या-मुंबईचे टूरवाले सेल्फ ड्राइव्हच्या सहली काढतात, त्यांनीही निघायच्या आदल्या दिवशीच्या मीटिंगमध्ये दहा मिनिटं यावर बोलावं.

पुतण्या यंदा परत चाललाय, डॅशबोर्डमध्ये दोन अँटीजेलच्या बाटल्या आणि डिकीत फिल्टर मी स्वतः ठेवलाय. तुम्ही पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा सोबत डिझेलची एक चौकट तेवढी टाका, मजकूर मी लिहून देतो.

आपला,
एक निवृत्त फौजी मेकॅनिक, ता. कोरेगाव, जि. सातारा