शेवग्याने गाळ बसेल, मिठाचं काय?

मा. संपादक,

चामड्याच्या कारखान्यांचं सांडपाणी शेवग्याच्या बियांनी स्वच्छ होतं, असं अलीकडे वरचेवर ऐकू येतं. हे अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्याची मला काळजी वाटते.

आजोबा कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडी कमवत. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आजी माठात आतून निवळीचं बी घासायची. सकाळी वरचं पाणी नितळ, तळाशी मऊ गाळ. पुढे रसायनशास्त्र शिकवताना मुलांना घेऊन मी तोच प्रयोग कातडी धुतलेल्या पाण्यावर केला. शेवग्याच्या बियांची पूड टाकून आधी जोरात, मग हळूहळू ढवळलं. राखाडी पाण्यात फुटक्या दुधासारखे पुंजके झाले आणि तासाभरात खाली बसले. बियांतली धनभारित प्रथिनं ऋणभारित कणांना एकत्र आणतात. तेल काढून उरलेल्या पेंडीतही हा गुण टिकतो, म्हणजे खर्चही फार नाही. तुरटीऐवजी छोट्या कारखान्यांनी ही पेंड जरूर वापरावी.

पण कातडी टिकवायला लावलेलं मीठ पाण्यात विरघळलेलं असतं. ते कुठल्याच बीने खाली बसत नाही. तमिळनाडूतल्या पालार नदीच्या खोऱ्यात कारखान्यांच्या सांडपाण्याने सुमारे ३५ हजार हेक्टर शेती पूर्ण किंवा अंशतः नापीक झाल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालात आहे. कातडी कमवायला वापरल्या जाणाऱ्या क्रोमियम या धातूचा प्रश्नही असाच. नेहमीच्या पद्धतीत कातडं साधारण ६० ते ७० टक्केच क्रोमियम शोषतं, उरलेलं हौदातल्या निळ्या-हिरव्या पाण्यात राहतं. ते सगळ्या पाण्यात मिसळू दिलं की काढणं अवघड. वेगळं ठेवलं, तर अल्कली घालून त्याचा साका बसवता येतो, तो गंधकाम्लात विरघळवून पुन्हा कातडी कमवायला वापरता येतो. हिरड्या-बाभळीचं पाणीही निर्धोक नाही, हे आजोबांचा नातू म्हणूनच सांगतो. ते काळपट तपकिरी पाणी ओढ्यात गेलं की प्राणवायू खेचतं.

म्हणून विनंती आहे की, पेंडीच्या वापराला परवानगी किंवा अनुदान देताना तीन अटी घालाव्यात: कातडीवरचं मीठ धुण्याआधी झटकून गोळा करणं, क्रोमचं पाणी वेगळ्या हौदात घेणं आणि बसलेल्या गाळाची विल्हेवाट लेखी दाखवणं. हा गाळ शेतात खत म्हणून टाकलेला मी पाहिला आहे. त्यात क्रोमियम असतं, हे त्या शेतकऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर