आईला नियाहच्या गुहेपर्यंत नेणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर प्रणाम.

आपल्या आणि आमच्या फाटकात जेमतेम चार घरांचे अंतर आहे, त्यामुळे हे सारे समोर बसून सांगता आले असते. परंतु समोर आले की आपण बोलू देत नाही, "त्यात काय एवढे" म्हणून विषय संपवता. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहीत आहे.

माझे दीर बोर्निओ बेटावरील, मलेशियाच्या सारावाक राज्यात, मिरी शहरी नोकरीला आहेत. त्यांच्याकडे जायचे ठरले तेव्हा तिथून जवळच असलेले नियाह राष्ट्रीय उद्यान आणि त्यातल्या चुनखडीच्या गुहा पाहायच्या, हेही ओघाने ठरले. गुहेपर्यंत नदीपलीकडून वर्षावनातून सुमारे तीन किलोमीटर चालत जावे लागते आणि तेवढेच परतावे लागते, हे कळल्यावर प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी "आजींना हॉटेलातच राहू द्या" असा सल्ला दिला. खेदाची गोष्ट ही, की आम्हीही तो मान्य करून टाकला होता. आई सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे, तिचे गुडघे दुखतात, आणि ती स्वतःहून "मला न्या" असे कधीच म्हणत नाही. आपण मात्र आमच्याशी वाद न घालता थेट तिलाच विचारलेत, "वहिनी, जायचे आहे का?" तिने मान हलवली आणि आपण म्हणालात, "दोन महिने आहेत, तेवढे पुरेत."

त्यानंतर रोज पहाटे साडेपाचला आपण आणि काकू फाटकाशी उभे असायचात. आधी अंबाझरी तलावाकाठचा सपाट रस्ता, मग हळूहळू सेमिनरी हिल्सची चढण. दम लागण्याआधी थांबायचे, उतरताना काठी आधी आणि पाय मागून, ओल्या फळीवर टाच न टेकता सबंध पाऊल ठेवायचे, हे आपण तिच्या इतके अंगवळणी पाडलेत की ती आता घरातला जिनाही तसाच उतरते.

आपण आयुष्यभर भूशास्त्र शिकवलेत, हे आम्हाला ठाऊक होते. ते म्हणजे नेमके काय, हे त्या संध्याकाळी आपल्या व्हरांड्यात कळले. दोन बशा, एकीत चुनखडीची पूड, दुसरीत आपल्या नागपुरी काळ्या दगडाची. दोन्हींवर लिंबू पिळलेत. काळी पूड नुसती भिजली. पांढऱ्या पुडीतून बारीक बुडबुडे वर येऊ लागले आणि आई बशीवर वाकून कितीतरी वेळ ते बघत राहिली. पावसाचे पाणी हवेतला आणि कुजलेल्या पानांच्या मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि चुनखडीच्या भेगांतून झिरपत तिला विरघळवत जाते. जिथे पाऊसही अमाप आणि पालापाचोळाही अमाप, तिथे हे काम अखंड चालते, असे आपण सांगितलेत. गुहा म्हटले की आपल्याकडे अजिंठा-वेरूळ आठवते. ती लेणी, माणसाने छिन्नीने कोरलेली. नियाहची गुहा पाण्याने. हा फरक आपण त्या दोन बशांत दाखवलात. मी त्या गुहांना वारंवार "अतिप्राचीन" म्हणत होते, तेव्हा आपण सौम्यपणे दुरुस्तीही केलीत: ती चुनखडी समुद्रतळाशी साचून सुमारे दोन कोटी वर्षे झाली, तर आपल्या पायांखालचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे.

प्रत्यक्ष गुहेचे पश्चिमद्वार सुमारे ६० मीटर उंच आहे. फोटोत ते कळत नाही. छतापासून लोंबणारे, पाकोळी पक्ष्यांची खाण्याजोगी घरटी काढणाऱ्यांचे लाकडी खांब दोऱ्यांसारखे बारीक दिसू लागतात, तेव्हा कळते. आई मात्र वर न बघता आधी डावीकडच्या कुंपण घातलेल्या खड्ड्यांपाशी गेली. १९५८ साली टॉम आणि बार्बरा हॅरिसन यांच्या उत्खननात मिळालेली, सुमारे ३७ हजार वर्षांपूर्वीची कवटी आधी किशोरवयीन मुलाची मानली जात होती, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत ती बहुधा प्रौढ स्त्रीची असावी असे मत मांडले गेले, हे आपण तिला सांगितले होते. ती कठड्याला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "हीसुद्धा इथवर चढूनच आली असेल ना ग?" काका, आम्ही तिला हॉटेलात ठेवणार होतो, हे त्या क्षणी मला फार लागले.

पुढचा अंधारा भाग तिने आपण दिलेल्या टॉर्चच्या उजेडात पार केला. पाकोळ्या-वटवाघळांच्या विष्ठेच्या थराने वाटेवरच्या फळ्या निसरड्या होत्या, वास उग्र होता, आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट शोधणाऱ्या पाकोळ्यांची टिकटिक डोक्यावरून सतत जात होती. त्यापलीकडच्या चित्रगुहेतल्या, भिंतीवर रंगवलेल्या तांबड्या आकृती बऱ्याच पुसट झाल्या आहेत. डोळे सरावेपर्यंत थांबा, असे आपण सांगितले नसते तर आम्ही "काही दिसत नाही" म्हणून परतलो असतो.

सूर्यास्ताला पश्चिमद्वाराशीच असावे, हा आपला आग्रहही आम्ही पाळला. पाकोळ्या आत येत होत्या, वटवाघळे बाहेर पडत होती, आणि आई दगडावर बसून, काठी मांडीवर आडवी ठेवून, अगदी गप्प होती. परतीच्या तीन किलोमीटरांत ती दोनदाच थांबली.

आपण बजावल्याप्रमाणे तिथला खडासुद्धा उचललेला नाही. टॉर्च आणि काठी परत करायला आई रविवारी सकाळी साडेपाचला स्वतः येणार आहे, बुटांच्या नाड्या बांधूनच. काकूंनाही तयार राहायला सांगावे.

आपली नम्र,
चार घरे पलीकडची, नागपूर